गाडी सुधारल्याचा त्रास

जुनी मोटारसायकल मागायला गेलात तर मालक नाही म्हणत नाही. तो किल्ली घेऊन तुमच्याबरोबर खाली येतो, गाडीशेजारी उभा राहतो आणि सूचना द्यायला लागतो. ब्रेक मारलास की गाडी जरा डावीकडे ओढते, तेव्हा हँडल उजवीकडे धरून ठेव. पण घट्ट धरू नकोस, ती चिडते. चाळीसच्या पुढे हँडल थरथरेल, घाबरायचं नाही, पंचावन्नला थांबतं. स्पीडब्रेकरवरून उतरताना ठक्क असा आवाज येईल, तो नेहमीचा आहे. दोनदा ठक्क झालं तर मात्र फोन कर. खड्डा आला तर सरळ त्यातून जा, चुकवायला जाऊ नकोस, कारण ती एकदा कलली की परत यायला वेळ घेते. ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक मारायचाच नाही. मागचा मारलास तरी त्याच्यावर फार विसंबू नकोस. एवढं सगळं झाल्यावर 'बाकी गाडी एक नंबर आहे' असं म्हणून तो किल्ली पुढे करतो. ऐकणारा बहुधा रिक्षाने जातो.

ही यादी मालक तक्रार म्हणून सांगत नाही. त्याच्या आवाजात अभिमान असतो. ही गाडी माझ्याशिवाय कुणाच्या बापाला चालवता यायची नाही, असा त्यातला भाव. तीच यादी गॅरेजात वाचून दाखवा. मिस्त्री मधे एक शब्दही न बोलता बिलाच्या पॅडवर लिहीत जाईल: कोनसेट एक, चिमट्याचे बुश, फॉर्कचं ऑइल आणि सील, मागचे शॉकअप दोन, टायर-ट्यूब दोन. मालक ज्याला गाडीचा स्वभाव म्हणतो, तो सगळा पुण्याच्या नाना पेठेत काउंटरवर पाकिटात मिळतो.

क्लचची वायर तुटली तर कळतं, कारण गाडी भर चौकात थांबते आणि मागचे लोक कळवतात. टायर तसा वागत नाही. तो रोज किंचित झिजतो. शॉकअपमधलं तेल रोज किंचित पातळ होतं. आणि चालवणाऱ्याचे हात त्याच गतीने रोज किंचित शिकत जातात. कालच्यापेक्षा आज गाडी वाईट आहे, असं एकाही सकाळी वाटत नाही. म्हणून ती कधी बिघडलीच नाही, असा हिशेब बसतो.

हातांना फार कळतं आणि ते डोक्याला काही सांगत नाहीत. चालत्या मोटारसायकलला डावीकडे वळवायचं तर हँडलची डावी मूठ पुढे ढकलावी लागते. चाक क्षणभर उजवीकडे जातं, गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला हे सांगून बघा. तो तुम्हाला चहा पाजून घरी पाठवेल. विमानवाल्या राइट बंधूंपैकी थोरला विल्बर हा भावाबरोबर डेटन गावात सायकलचं दुकान चालवायचा. त्याने सायकलवाल्यांना विचारून पाहिलं, तर वळता सगळ्यांना येत होतं आणि आपण नेमकं काय करतो ते जवळजवळ कुणालाच सांगता येत नव्हतं. जे हात एवढी मोठी गोष्ट मालकाला न विचारता करतात, ते झिजलेल्या टायरचं गणितही परस्पर सोडवून मोकळे होतात. मालक समजतो, आपला हात बसला. वास्तविक हात आजाऱ्याची शुश्रूषा करत असतो.

आमचे मामा सासवडला असतात. हायस्कूलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले. गाडी स्प्लेंडर. या गाडीच्या इंजिनाबद्दल कुणी वाईट बोललेलं मी ऐकलेलं नाही. हिरो आणि होंडाची सीडी 100 1985 साली रस्त्यावर आली, 1994 मध्ये स्प्लेंडर आली, 97.2 सीसीचं ते इंजिन खेड्यापाड्यांत असं रुजलं, की दोन्ही कंपन्यांनी काडीमोड घेतला तरी गाडी चालूच राहिली. सीडी 100 च्या जाहिरातीत सल्ला असा होता की टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. तो पेट्रोलपुरता होता. आपल्या लोकांनी तो अख्ख्या गाडीला लागू केला आणि इतक्या निष्ठेने पाळला, की पुढच्या चाकाला बेअरिंग असतात हेही विसरून गेले.

खरा घोटाळा इंजिन मरत नाही हाच आहे. एका किकमध्ये सुरू होते ना? ॲव्हरेज देते ना? मग गाडी उत्तम. आपल्याकडे मोटारसायकलची प्रकृती विचारायचे एवढे दोनच प्रश्न आहेत. ती वळते कशी, थांबते कशी, खड्ड्यातून वर आल्यावर कुठल्या दिशेला बघते, हे कुणी विचारत नाही. विकत घेणारासुद्धा इंजिनाला कान लावतो आणि टायरला लाथ मारतो. टायरला लाथ मारून काय कळतं, हे मी अनेकांना विचारलं आहे. सगळ्यांनी पुन्हा एक लाथ मारून दाखवली.

मामा अधूनमधून दिवे घाट उतरून हडपसरला लेकीकडे जातात. सीझन असेल तर मागे सीताफळांचा क्रेट, नाहीतर अंजीर. घाट सोडला तर रस्ता बहुतेक सरळच. सरळ रस्त्यावर टायर मधोमध झिजतो. मोटारसायकलचा नवा टायर आडव्या छेदात गोल असतो. गाडी कलते तशी ती त्या गोलाईवरून सहज घरंगळत जाते. मधला भाग सपाट झाला की सपाटीच्या दोन्ही बाजूंना कडा तयार होतात. वळायचं म्हणजे आधी गाडीला त्या कडेवर चढवायचं. ती चढत नाही. जोर दिला की चढते आणि पलीकडे धपकन पडते. आता पडू नये म्हणून उलटा जोर द्यायचा. हे सगळं एका वळणात.

त्यामुळे खाली मस्तानी तलाव दिसायला लागला, की मामांची पुढच्या वळणाची तयारी सुरू व्हायची. वळण अजून लांब असायचं. आधी एक खांदा पडायचा. मग गुडघा बाहेर यायचा. मग मान तिरकी. गाडी ढिम्म सरळच. मग एकदम सगळं एका बाजूला, आणि लगेच थोडं दुसऱ्या बाजूला. शेजारून जाणारा एसटीचा ड्रायव्हर हात वर करून मामांना आधी जाऊ द्यायचा. मामांना तो आदर वाटे. मी मागे बसून हा घाट उतरलो आहे. त्यातला किती पाहिला, ते विचारू नका. मामी जास्त व्यवहारी. त्या एसटीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवत.

एवढं असून गाडी गॅरेजात गेली ती वळणासाठी नाही, पंक्चरसाठी. जुन्या गाडीचे रोग बहुधा असेच उघडकीला येतात. माणूस दात दाखवायला जातो आणि डॉक्टर ब्लडप्रेशर बघतात. मिस्त्री मामांचा जुना विद्यार्थी. त्याने पंक्चर काढलं आणि किल्ली द्यायच्या ऐवजी म्हणाला, "सर, जरा डबल स्टँडवर राहू द्या."

मग मागच्या चाकाच्या मागे उकिडवा बसला. चाक दोन्ही हातांनी कवटाळलं आणि आडवं हलवलं. चाक दुधाच्या दातासारखं हललं. मामा म्हणाले, "ते असंच असतं." मिस्त्रीने काही न बोलता शेजारी धुवायला लावलेल्या गाडीचं चाक तसंच धरलं. ते जागचं हललं नाही. अख्खी गाडी हलली. "मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश गेलेत सर. तुम्ही पुढे बघून चालवता, मागचं चाक त्याच्या मनाने चालतं."

मग इंजिनाखाली लाकडी ठोकळा सारून त्याने पुढचं चाक जमिनीपासून उचललं, आणि हँडलला नुसतं बोट लावलं. चांगलं हँडल अशा वेळी डावीकडे किंवा उजवीकडे आपल्या वजनाने वळून जातं. मामांचं हँडल थोडं गेलं, परत मधे आलं आणि टक्क करून बसलं. डावीकडून आणलं, टक्क. उजवीकडून आणलं, टक्क. हँडल ज्यावर फिरतं त्या कोनसेटमधे छर्ऱ्यांना गाडी बहुतेक वेळ सरळच धरावी लागते. वर्षानुवर्षं एकाच जागी दणके खाऊन ते वाटीत खड्डे पाडतात, आणि मग हँडलला मधोमध एक खाच तयार होते. सरळ रस्त्यावर अगदी बारीक, सतत दुरुस्त्या करत गाडी जात असते. खाच पडली की बारीक दुरुस्ती करताच येत नाही. एकतर खाचेत राहायचं, नाहीतर खाचेबाहेर उडी मारायची. म्हणून मामा हळू चालवताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंची विचारपूस करत जायचे. गावात हे वयावर खपून जात होतं.

नंतर मिस्त्रीने पुढचा ब्रेक दाबून धरला आणि हँडल खाली रेटलं. गाडी खाली गेली, वर आली, खाली गेली, वर आली, पुन्हा गेली.

"सर, तुम्ही लंबकाचं दोलन शिकवायचे ना?"

"शिकवायचो."

"लंबक थांबतो सर. ही थांबत नाही."

मामांना पहिल्यांदा आत कुठेतरी लागलं. कारण मुद्दा त्यांच्या विषयाचा होता. शॉकअपमधे दोन वेगळी कामं चालतात, हे लोकांना माहीत नसतं. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि दणका पोटात घेते. पण घेतलेला दणका ती तितक्याच उत्साहाने परत करते. तो उत्साह मोडायचं काम तेलाचं. तेल बारीक छिद्रांतून ये-जा करतं, त्यात ती शक्ती खर्ची पडते आणि गाडी एकदा वर येऊन थांबते. तेल गेलं, की चाक रस्त्यावर उड्या मारत जातं. आणि चाक हवेत असेल त्या क्षणी ब्रेक, वळण, टायरचं नाव, कशाचाही उपयोग नसतो. एरवी तरी काय, दोन्ही टायरची रस्त्याला टेकलेली जागा एकत्र केली तर जेमतेम तळहाताएवढी भरते. बाकी सगळी गाडी, मामा आणि सीताफळं धरून, तेवढ्यावर उभी.

मिस्त्रीने फॉर्कखालचा बोल्ट सोडला. काळं, पातळ, चंदेरी कण तरंगणारं काहीतरी डबड्यात आलं. दुसऱ्या बाजूने त्याच्या निम्मंच आलं, कारण उरलेलं सील फुटून पावसाळ्यापासून बाहेर येत होतं. ते मामा रोज सकाळी फडक्याने पुसायचे. गाडी स्वच्छ ठेवायची सवय. तेलाने दणका मोडणारे दुर्बिणी फॉर्क बीएमडब्ल्यूने 1935 साली आर 12 या गाडीवर बसवले होते. आपल्याकडे कितीतरी गाड्यांत तेल त्याच वर्षीचं असावं. इंजिन ऑइल लोक वेळच्या वेळी बदलतात, क्वचित वेळेआधीही बदलतात. फॉर्कमधेही तेल असतं म्हटलं, की मिस्त्री काहीतरी लावतोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटतं.

टायरवर मात्र मामा अडून बसले. मागचा गेलाय, कबूल; त्याच्या खाचांतल्या त्या छोट्या उंचवट्यांपर्यंत रबर उतरलंय, म्हणजे संपला. पण पुढच्या टायरची नक्षी शाबूत आहे!

पुढचा टायर हा मराठी घरातला सर्वांत दीर्घायुषी प्राणी. मागचे दोन-तीन येऊन जातात, पुढचा तोच असतो. मिस्त्रीने त्याला अंगठ्याचं नख टोचलं. नख वाकलं, रबर नाही. बाजूच्या भिंतीवर बारीक तडे. मग त्याने ओल्या फडक्याने तिथली धूळ पुसून लंबगोल चौकटीतले चार आकडे दाखवले. 3812. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे.

मामांनी मनात हिशेब केला. "2012 चा अडतिसावा आठवडा. म्हणजे सप्टेंबर. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला होता, गणपती एकोणीस तारखेला बसले. म्हणजे बरोबर गणपतीतला टायर."

"मग विसर्जन राहून गेलंय सर," मिस्त्री म्हणाला.

यानंतर खर्चाची बोलणी झाली, आणि ती अशा घरांत होतात तशीच झाली. आता फक्त मागचा टायर करू, पुढचा दिवाळीनंतर. दोन शॉकअपपैकी डावा बरा दिसतोय, उजवाच बदलू. कोनसेट नवा कशाला, ग्रीस भर. मिस्त्रीने शिष्यत्व बाजूला ठेवून सांगितलं की एक शॉकअप नवा आणि एक जुना टाकला तर चिमटा पिळवटतो, ते मी करणार नाही. आणि खड्डे पडलेल्या वाटीत ग्रीस भरलं तर खड्डे ग्रीससकट तिथेच राहतात. मामांचं शेवटचं अस्त्र असं होतं की या खर्चात अमुक आलं असतं, तमुक आलं असतं. पण रबर आणि बुशचा खर्च लोक नेहमी गाडीच्या आजच्या विक्रीच्या किमतीशी ताडून बघतात. तो हाडाच्या डॉक्टरांच्या बिलाशी ताडून बघायची पद्धत अजून रूढ व्हायची आहे.

एवढ्यात मामांचा नातू आला आणि त्याने मागे रुंद टायर टाकायचा आग्रह धरला. गाडी भारी दिसते. अशा गाड्या गावोगाव आहेत. बारीक रिमवर जाडजूड टायर चढवला, की त्याच्या दोन्ही कडा आत खेचल्या जातात आणि मधला भाग टोकदार फुगतो. गाडी वळायला जड होते, चेनकव्हरला रबर घासतं, ॲव्हरेज पडतं, आणि मग शंभर सीसीत दम नाही म्हणून लोक इंजिनाला शिव्या देतात. गाडीने दिलेलं माप कुणीतरी हिशेब करून दिलेलं असतं, यावर आपला विश्वासच नाही. मामांनी नातवाला गप्प बसवलं. त्यांच्या पक्षातलं हे त्या दिवशीचं एकमेव बरोबर मत. टायर कंपनीच्या मापाचेच बसले. बाजूवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेलाच आहे ना, हे मिस्त्रीने वाकून दोनदा पाहिलं. बाण उलटा बसवलेल्या गाड्या मी स्वतः पार्किंगमधे मोजत असतो, हा एक स्वस्त छंद आहे.

गाडी संध्याकाळी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा तिला घेऊन परत गॅरेजात हजर.

"गाडी बिघडवलीस तू."

तक्रार सविस्तर होती. गाडी उंच झालीय, सिग्नलला पाय पूर्वीसारखा टेकत नाही. हँडल हलकं लागतं, धरवत नाही. वळायचा विचार मनात आला की ही वळलेली असते. घरच्या फाटकातून आत घेताना नेहमीसारखा जोर दिला, तर ती थेट तुळशीकडे निघाली. आणि ब्रेक मारल्यावर पूर्वी जरा वेळ मिळायचा, आता लगेच थांबते.

मिस्त्री हसला नाही. म्हणाला, "सर, गाडी ठीक आहे. बिघडलेले तुम्ही आहात. आठ दिवस चालवा."

तो उद्धट वाटला तरी त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. मागचे शॉकअप बसले होते तेव्हा गाडीचं मागचं अंग खाली गेलेलं होतं. मागचं खाली, म्हणजे पुढचे फॉर्क जास्त तिरके, म्हणजे गाडी वळायला आळशी. नवे शॉकअप आले, मागचं अंग उचललं गेलं, फॉर्क थोडे उभे झाले. त्यात टायर पुन्हा गोल. आता जिथे मूठभर जोर लागायचा तिथे चिमूटभर पुरतो. पण मामांच्या हातांना हे कुणी कळवलेलं नव्हतं. ते जुन्याच मापाने जोर देत होते. आधी खांदा, मग गुडघा, मग मान. गाडी बिचारी सांगितलेलं सगळं करत होती, आणि एवढं कुणी ऐकतं याची मामांना शाळा सुटल्यापासून सवय राहिलेली नव्हती.

सर्वांत जास्त वेळ पुढच्या ब्रेकला लागला. पुढचा ब्रेक मारला की माणूस हँडलवरून उडतो, ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली श्रद्धा आहे. बाप मुलाला गाडी शिकवताना पहिली हीच देतो. खरं म्हणजे ब्रेक मारल्यावर वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवायचं जास्त काम तेच करू शकतं. मागचं चाक हलकं होतं आणि नुसतं घसटत जातं. पण गणपतीतला दगडी टायर, तेल नसलेला फॉर्क आणि ढिला कोनसेट असेल, तर ती श्रद्धा खरीच ठरते. बऱ्याच लोकांचं पुढच्या ब्रेकबद्दलचं मत हे खरं म्हणजे त्यांच्या पुढच्या टायरबद्दलचं मत असतं.

नवा टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो, तेवढं वरचं रबर घासून निघेपर्यंत फार कलवू नये, असं मिस्त्रीने बजावलं होतं. मामांना ही सूचना मनापासून आवडली, कारण गाडी मागणाऱ्याला बजावायला काही दिवस तरी काहीतरी उरलं.

यानंतर आवाज सुरू झाले. म्हणजे आधीचे बंद झाले म्हणून. पूर्वी ठक्क, धाड आणि खळ्ळ यांत काहीच ऐकू यायचं नाही. ते गेल्यावर मामांना कळलं की मागची नंबरप्लेट वाजते, साइड कव्हर वाजतं, डिकीतला पाना वाजतो आणि किल्लीच्या जुडग्यात शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली अजून आहे. मामा एकेक शोधून त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावत बसले. पंधरा वर्षं ज्यांना मागच्या चाकाचा आवाज खटकला नाही, त्यांना आता इंडिकेटरची काच खटकू लागली.

मामी पहिल्यांदा मागे बसल्या त्या जेजुरीला जाताना. बसण्यापूर्वी त्यांनी मिस्त्रीला फोन करून खात्री करून घेतली. सरांना विचारण्यात अर्थ नव्हता. परत आल्यावर मी विचारलं, कशी वाटली गाडी? मामी म्हणाल्या, "गाडी चांगली आहे. आता हेच मधूनमधून डुलतात, उगीच." म्हणजे दिवे घाटाचा खांदा अजून पूर्ण सुटला नव्हता. वळण सरळ होतं, हात सरळ व्हायचे होते.

एक तोटा मात्र झाला आणि तो मामा अजून बोलून दाखवतात. पूर्वी त्यांची गाडी कुणी मागत नसे. सूचना ऐकून माणूस परस्पर निघून जाई. आता सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. कुणीही येतं, किल्ली घेतं आणि जातं. नातू तर विचारतही नाही. अख्ख्या आळीत एकच माणूस जी गाडी चालवू शकायचा, ती आता कुणालाही चालवता येते, याचं दुःख बिलापेक्षा मोठं आहे, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी आम्ही जुने बुश परत बसवून देणार नाही.

तुमच्याकडेही अशी गाडी असेल, तर येत्या रविवारी ती धुण्याआधी पाच मिनिटं द्या. डबल स्टँडवर लावून मागचं चाक आडवं हलवा. पुढचं चाक उचलून हँडल एका बोटाने इकडून तिकडे न्या, मधे अडकतं का बघा. पुढचा ब्रेक दाबून गाडी खाली रेटा आणि ती किती वेळा वर-खाली होते ते मोजा, एकदा चालेल. टायरवरचे चार आकडे पुसून वाचा. हवा अंगठ्याने दाबून बघू नका. अंगठ्याला हवा कळत नाही, पंपावर मीटरने मोजून घ्या, आकडा माहितीपुस्तकात छापलेला असतो. यातलं काही हललं, अडकलं किंवा जुनं निघालं, तर सोमवारी गॅरेज. आणि गाडी परत आली, की निदान आठ दिवस मिस्त्रीला फोन करू नका.